हीटरच्या कॉकवरची खूण

देवणीच्या विरूपाक्षअप्पांना दुधात पाणी दिसायचं. गाय घरची, धार काढणारी घरची, तरी दिसायचं. लग्नपत्रिकेत नाव छापून आलं तर "हे मागाहून घातलंय" म्हणायचे, आणि नाही आलं तर मग विचारूच नका. डॉक्टरनं दोन गोळ्या लिहून दिल्या की त्यातली एक आजाराची आणि दुसरी डॉक्टरच्या मेव्हण्याच्या दुकानाची, असं त्यांचं ठाम मत. माणूस वाईट नव्हता हो. कुणाच्या बांधावरची काडीसुद्धा त्यांनी कधी उचलली नाही. पण आपण कुणाचं घेत नाही म्हणजे सगळं जग आपलं घ्यायला टपलंय, असं काहीतरी उलटं गणित त्यांच्या डोक्यात लहानपणीच बसलं होतं. साठी आली तरी ते गणित चुकलं असेल, हा संशय मात्र त्यांना कधी आला नव्हता.

त्यांचा संशयी स्वभाव सगळ्यात जास्त कुणी पोसला असेल तर त्यांच्या पिकअपनं. सतरा वर्षांची पांढरी गाडी. देवणी वाणाची खोंडं बाजाराला न्यायची, अर्धापूरकडून येताना केळीचे घड भरून आणायचे, हा धंदा. गाडी गॅरेजात शिरली की मेकॅनिक चांगला पार्ट काढून घेतो आणि भंगारातला पुसून चढवतो, हे अप्पांनी कुठंतरी ऐकलं होतं आणि ऐकल्या दिवसापासून ती काळ्या दगडावरची रेघ मानली होती. म्हणून गाडी दारात आली त्याच आठवड्यात त्यांनी बायकोची, म्हणजे उमादेवींची, नेलपॉलिशची बाटली उचलली. मरून रंगाची होती. भाचीच्या लग्नात एकदा लावून उमादेवींनी ती फळीवर ठेवून दिलेली. टॉर्च तोंडात धरून, उताणं पडून, कुठं हात जाईल तिथं घालून अप्पांनी गाडीच्या एकेका पार्टावर तीन बारीक आडव्या रेघा ओढल्या. सकाळी आंघोळ झाल्यावर कपाळावर विभूतीच्या ओढत, अगदी तशाच.

ही खूण त्यांनी जगात कुणाला सांगितली नाही. उमादेवींना सांगणं भाग पडलं, कारण बाटली त्यांची.

"खूण सांगितली की तिची नक्कल हुतीय," अप्पा म्हणाले होते.

"आन न्हाई सांगितली तर मानसाला कळावं कसं, तुमी कशाची चौकशी करूलालाव ते?" उमादेवींनी विचारलं होतं. अप्पांनी तो प्रश्न बायकी ठरवून सोडून दिला. पुढं सगळं रामायण घडलं ते त्याच प्रश्नावरून.

यंदा मार्गशीर्षात, येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, दहा-बारा दिवसांवर आली असताना, अप्पा उमादेवींना शेजारी बसवून जळकोटच्या पाहुण्यांकडं निघाले होते. उदगीर मागं पडलं आणि उमादेवी एकदम किंचाळल्या. डाव्या पायाच्या पंज्यावर चटका बसला होता. खालची चटई ओली, काचेवर आतून वाफ, आणि गाडीभर एक गुळमट वास.

"बाटलीचं झाकन नीट लावलं नसशील," अप्पा म्हणाले.

"पिन्याच्या बाटलीत उकळतं पानी कोन भरतं वो?"

अप्पांनी गाडी बाजूला घेतली, टॉर्च काढला आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. इंजिनातलं गरम पाणी हीटरकडं जायच्या वाटेवर पितळेचा एक कॉक असतो. आपण हीटरची कांडी सरकवली की एक बारीक केबल त्याचा कान ओढते, तो उघडतो आणि गरम पाणी आत सोडतो. त्याच कॉकच्या कानाखालून पाणी टिपकत होतं, आणि बरोबर उमादेवींच्या पायावर टिपकत होतं. पंज्यावर रुपयाएवढा फोड आला होता. अप्पांना वाईट वाटलं. ते त्यांनी दाखवलं मात्र नाही, आणि सवयीनं विचार केला: हे आपोआप झालं असेल, की कुणी केलं असेल?

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी लातूरला नेली. तिथल्या मेकॅनिकनं खाली वाकून पाहिलं आणि हसला.

"अप्पा, हीटर काय करायचाय आपल्याला? दोन्ही पाइप एकमेकाला जोडून देतो, कॉक फेकून देतो. समदेच बायपास करत्यात."

खोटं नव्हतं ते. मराठवाड्यात अंगावर स्वेटर चढतो तोच जेमतेम महिनाभर. जुन्या गाड्यांचे हीटर इथं असेच पाइप जोडून मुके करतात आणि कुणाचं काही अडत नाही. पण अप्पांच्या कानाला त्यातलं "फेकून देतो" एवढंच लागलं. कुठं फेकतो? कुणासाठी फेकतो? शिवाय त्यांना हीटर हवा होता, आणि तो थंडीसाठी नव्हता. भर मे महिन्यात, मागं चार खोंडं भरून चढ चढताना इंजिन तापू लागलं की हीटर पुरा सोडायचा. आत बसलेल्याचा जीव जातो, पण इंजिनातली उष्णता निघून जाते आणि गाडी वाचते. या युक्तीनं त्यांची गाडी दोनदा वाचली होती. ती शिकवली होती त्यांच्या जुन्या मेकॅनिकनं, नासिरभाईंनी. हे नाव मनात आलं तसं अप्पांनी ते बाजूला सारलं.

त्यांनी कॉकसाठी लातुरातली सगळी दुकानं पालथी घातली. इतक्या जुन्या गाडीचा कॉक कुणाकडंच नव्हता. एकानं "मागवतो" म्हटलं, त्याच्या डोळ्यांत अप्पांना लबाडी दिसली. संध्याकाळी ते घरी आले तर उमादेवी पायाला हळद लावून बसल्या होत्या.

"नासिरभाईंकडं चला," त्या म्हणाल्या. "नांदेडला. त्यांच्याकडं जुनं समदं आसतंय."

"त्या चोराकडं?"

उमादेवींनी हळदीची वाटी बाजूला सारली. आठ वर्षं त्या या शब्दाला उत्तर देत नव्हत्या.

तर आठ वर्षांपूर्वी काय झालं, ते आता सांगायला हवं. नासिरभाईंचं गॅरेज तेव्हा उदगीरला होतं, पिकअपच्या अड्ड्याला लागूनच. अप्पांचा त्यांच्यावर जमेल तेवढा विश्वास होता, म्हणजे काम चालू असताना ते शेजारी स्टुलावर बसून पापणी न हलवता त्यांच्या हातांकडं बघत, पण शिवी देत नसत. उमादेवींची आणि नासिरभाईंच्या बायकोची, दिलशादची, मात्र घट्ट मैत्री जमली होती. येळवसेला सगळा जिल्हा शेतात जेवायला जातो, तेव्हा अप्पांच्या शेतात कडब्याच्या कोपीशेजारी दिलशाद आणि उमादेवी एकाच मडक्यातली आंबील ढवळत बसत. ज्वारी-बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे कुणाचे मऊ झाले यावरून भांडत. उमादेवींना बहीण नव्हती. ती जागा दिलशादनं भरली होती.

त्या वर्षी नासिरभाईंनी गाडीच्या हीटरचे पाइप बदलले. दोन दिवसांनी अप्पांनी टॉर्च घेऊन तपासणी केली. कॉकवर तीन रेघा नव्हत्या. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, रेघा नव्हत्या. अप्पा तसेच अड्ड्यावर गेले आणि चारचौघांच्या देखत म्हणाले, "नासिर, माजा कॉक बदललास तू. चोर हायस."

नासिरभाई पाना हातात धरून उभे राहिले. "काहून बदलू अप्पा? कशावरून म्हंताव?"

कशावरून, ते अप्पा सांगेनात. सांगितलं की खूण फुटली. "मला ठाव हाय," एवढंच ते म्हणत राहिले. अड्ड्यावर दगडोबा होता, तीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला. आणि श्रीमंत नावाचा चहाच्या हॉटेलाचा मालकही होता. त्यांनी ऐकलं, आणि त्यांच्याकडून सगळ्या उदगीरनं ऐकलं. अप्पा गाडीचा दर्दी माणूस, उगाच बोलणार नाही, असं लोकांना वाटलं. गाड्या हळूहळू दुसऱ्या गॅरेजांकडं वळल्या. वर्ष सरायच्या आत नासिरभाईंनी शटर ओढलं आणि बिऱ्हाड नांदेडला हलवलं. त्यांची मुलगी कहकशां, तिच्या लग्नाची पत्रिका आली, पण अप्पा गेले नाहीत. उमादेवी कोणत्या तोंडानं जाणार? त्यांनी दिलशादला फोन करणंही सोडलं. पण दर येळवसेला त्या एक उंडा जास्तीचा वळतात, आणि तो तसाच परत घरी येतो.

"तुमाला कॉक पायजे, मला पाय पायजे," त्या रात्री न भांडता उमादेवी म्हणाल्या. "सकाळी निघायचं."

सकाळी त्यांनी धपाट्यांचा डबा बांधला. कुणासाठी, ते अप्पांनी विचारलं नाही.

नांदेडपर्यंत तीनदा थांबून रेडिएटरमध्ये पाणी घालावं लागलं. वाटभर अप्पांच्या डोक्यात चरक फिरत होता. नासिर आठ वर्षांचा राग काढणार. चांगला पाइप कापून ठेवणार. किंवा कामच नाही म्हणणार, चारचौघांत हाकलून देणार. किंवा, हे सगळ्यात वाईट, गोड बोलणार. गोड बोलणाऱ्या मेकॅनिकसारखा धोका नाही.

देगलूर नाक्याच्या अलीकडं गॅरेज सापडलं. खाली शेड, वर दोन खोल्या, बाजूनं लोखंडी जिना. नासिरभाईंची दाढी आता पांढरी झाली होती. त्यांनी गाडी पाहिली, मग अप्पांना पाहिलं, मग उमादेवींचा पाय.

"सलाम भाभी. भाजलं का?" ते म्हणाले. मग अप्पांकडं वळून, "हीटरचा कॉक असंल. इंजिन गार होऊ द्या, तासभर बसा."

राग नाही, टोमणा नाही, आठ वर्षांचं एक अक्षर नाही. अप्पांचा संशय दुप्पट झाला. हा गप्प काहून? चहा आला, तो त्यांनी हुंगून पाहिला. उमादेवी गाडीतून उतरल्याच नाहीत. त्या जिन्याकडं बघत होत्या. वरून मिक्सरचा आवाज येत होता, म्हणजे दिलशाद घरात होती.

"जा की वर," अप्पा पुटपुटले.

"चोराच्या घरी कशी जाऊ?" उमादेवी म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "तुमी तो शब्द मागं घ्या, मग जाते."

अप्पा स्टूल ओढून डाव्या दाराशी बसले. काम सुरू झालं. नासिरभाईंनी बॅटरीची वायर सोडली, रेडिएटरखाली स्वच्छ बादली लावून पाणी थोडं उतरवलं. स्वच्छ बादली का? माझंच पाणी मला परत घालणार की विकणार? पाणी परत घालण्यासाठी बादली झाकून बाजूला ठेवली, तेव्हा तो संशय गेला आणि दुसरा आला. नासिरभाई उताणे होऊन डॅशबोर्डखाली गेले. केबलची पिन काढली, पाइपांच्या क्लिपा ढिल्या केल्या. पाइप वाळून कॉकला चिकटले होते. त्यांनी ते ओढले नाहीत, ब्लेडनं लांबीवर चीर देऊन सोलून काढले. आत हीटरच्या नळ्या नाजूक असतात, ओढाताण केली की त्या फुटतात, हे अप्पांना माहीत होतं. हात तसाच सावध होता, हे त्यांना मानावं लागलं. मान्य करायचं जिवावर आलं, ती गोष्ट वेगळी.

नवा कॉक कपाटातून निघाला. जुन्या मालातला, पण खोक्यात बंद. अप्पांनी तो हातात घेतला, उजेडात धरला, फुंकर मारली, कान पुढं-मागं करून पाहिला. वापरलेल्या कॉकवर पाइपाचा वळ असतो, तो नव्हता. पाण्याच्या दिशेचा बाण कोरलेला होता. काही सापडेना म्हणून ते जास्तच बेचैन झाले.

"बसवू?" नासिरभाईंनी विचारलं.

"बसव."

बाण बघून कॉक बसला, नवे पाइप चढले, क्लिपा आवळल्या. केबल लावताना कान पुरता मिटतो की नाही ते नासिरभाईंनी चारदा पाहिलं. मग त्यांनी जुना कॉक डिझेलमध्ये धुतला, चिंधीनं पुसला, आणि एका स्टीलच्या ताटलीत ठेवून ताटली अप्पांपुढं धरली.

"हे काय?"

"तुमचा जुना पार्ट. बघून घ्या."

"आता बघू काय त्यात?"

शेजारी दुसऱ्या गाडीचा एक ड्रायव्हर टायरवर बसला होता. तो म्हणाला, "इथं असंच हाय काका. जुना पार्ट हातात दिल्याबिगर भाई गाडी सोडत न्हाईत. बोर्ड लावलाय की." खरंच भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं होतं: आपला जुना पार्ट पाहून घ्यावा व घेऊन जावा. "समद्या नांदेडात असलं गॅरेज न्हाई," ड्रायव्हर कौतुकानं म्हणाला. "कवाधरनं हाय ओ भाई हे?"

"आठ वर्षं झाली," नासिरभाई म्हणाले आणि हात धुवायला वळले.

अप्पांनी कॉक उचलला. बघायचं म्हणून बघितला. वरची बाजू कोरी, पितळ काळवंडलेलं. त्यांनी तो उलटा केला. कानाच्या मुळाशी, डिझेलनं मळ निघून गेलेल्या जागी, तीन बारीक आडव्या रेघा होत्या. उष्णतेनं काळपट झालेल्या, पण कडेला अजून मरून.

अप्पांना आधी वाटलं, यानंच आत्ता काढल्या. सवयच ती. पण नासिरला खूण माहीत नव्हती. उमादेवी सोडून जगात कुणालाच नव्हती. आणि खालची रेघ डावीकडं जरा घसरलेली, कारण काढताना टॉर्च तोंडातून निसटला होता. तो टॉर्च त्यांच्या दातावर आपटला होता, ते आठवलं.

आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक आठवलं. आठ वर्षांपूर्वी पाइप बदलून झाल्यावर डॅशबोर्डखालून नासिरभाईंचा आवाज आला होता: "अप्पा, केबलीला पीळ बसत हुता, म्हनून कॉक उलटा बसवलाय. आता मोकळी चालतीय." अप्पा हातांकडं बघत होते. तोंडाकडं त्यांचं लक्ष नव्हतं. कॉक उलटा, म्हणजे खूण मागं, इंजिनकडच्या पत्र्याच्या बाजूला. टॉर्च घेऊन वर्षभर पडलं असतं तरी दिसली नसती.

अप्पांचे कान तापले. कॉक मुठीत झाकून ते उठले. पहिला विचार आला तो खिशात घालायचा. कुणी पाहिलं नाही. घरी जाऊन विहिरीत टाकला की झालं. हा विचार आपल्याला आला, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"दाखवा इकडं," गाडीतून उमादेवी म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं होतं.

अप्पांनी मूठ उघडली. उमादेवींनी कॉक जवळ नेला, नखानं रेघ खरवडली, तो रंग बोटावर घेतला. "माजी बाटली," त्या म्हणाल्या. मग कॉक नवऱ्याच्या हातात परत ठेवला. "आता तुमी बोलताव, का मी बोलू?"

अप्पा बोलले. टायरवरचा ड्रायव्हर ऐकत होता, चहावाला ऐकत होता, तरी बोलले. खुणेचं सांगितलं, बाटलीचं सांगितलं, टॉर्चचं सांगितलं. "माजाच हुता नासिरभाई. तू बदलला न्हाईस. उलटा बसवलाय म्हनला हुतास, ते मीच ऐकलं न्हाई."

नासिरभाई साबणाच्या चुऱ्यानं हात चोळत होते. ते चोळतच राहिले.

"खूण हाय म्हनून तवाच सांगायचं ना अप्पा," ते म्हणाले. "उलटून दाखवला असता. दोन मिंटांचं काम."

"सांगितली आसती तर खूण कशाची?"

नासिरभाईंनी मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. अप्पांना आपलंच बोलणं किती खुळं आहे ते ऐकू आलं.

"मी तुजी माफी..."

"हितं नको." पहिल्यांदाच नासिरभाईंच्या आवाजाला धार आली. "हितल्या मानसांनी मला चोर म्हटलंच न्हाई. हितं माफी मागून मी काय करू? बाप माजा उदगीरचा, गॅरेज माजं उदगीरला हुतं. जिथं बोललाव तिथं जावा. त्याच मानसांना सांगा. कॉक घेऊन जावा, तुमचाच हाय."

मग त्यांनी इंजिन चालू केलं, हीटर पुरा सोडला, पाइपातली हवा निघेपर्यंत रेडिएटरमध्ये थोडं थोडं पाणी घातलं, आणि चटईखाली कोरडा कागद ठेवून अर्धा तास वाट पाहिली. कागद कोरडा राहिला. काम चोख होतं. उमादेवी उतरल्या, लंगडत जिन्यापर्यंत गेल्या आणि पहिल्या पायरीवर धपाट्यांचा डबा ठेवून परत आल्या.

"भाभी, वर जावा की," नासिरभाई म्हणाले. "ती तुमच्यावर न्हाई रुसली."

"उदगीर झाल्याबिगर न्हाई," उमादेवी म्हणाल्या.

दुपार कलता कलता पिकअप उदगीरच्या अड्ड्यावर उभी राहिली. श्रीमंतच्या हॉटेलापुढं दगडोबा बिडी ओढत बसला होता. आठ वर्षांनी म्हातारा झालेला, पण जागा तीच. अप्पांनी कॉक टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. एवढं सलग ते आयुष्यात बोलले नव्हते. चार-पाच ड्रायव्हर भोवती जमले.

दगडोबानं कॉक उचलून वर-खाली पाहिला. श्रीमंतला दिला. श्रीमंतनं डोळे बारीक केले.

"अप्पा, राग मानू नका," तो म्हणाला, "पर ह्या रेघा आत्ताच वढल्या नसत्याल कशावरून?"

"काळ्या पडल्यात त्या! बग की, गरमीनं काळ्या पडल्यात."

"चुलीवर धरल्या की काळ्या पडत्यात," दगडोबा म्हणाला.

"आन बाटली घरचीच," तिसरा म्हणाला. सगळे हसले. "नासिरनं मिटवून घ्यायला लावलं आसंल. नांदेडला कायतरी अडलं आसंल अप्पांचं."

"माज्या बायकोला इचारा!"

"वैनी तुमच्याच की."

अप्पा एकेकाकडं बघत राहिले. त्यांच्याकडं होतं ते सगळं टेबलावर होतं, खरं होतं, आणि कुणाला पुरत नव्हतं. आठ वर्षांपूर्वी इथंच, या हॉटेलापासून वीस पावलांवर, नासिर पाना हातात धरून असाच उभा होता. त्याच्याजवळ तर दाखवायला कॉकसुद्धा नव्हता. 

"तुमीच तर शिकवलं आमाला अप्पा," दगडोबा समजुतीनं म्हणाला, "की कुनाच्या हातावर इश्वास ठिवू ने."

"व्हय," अप्पा म्हणाले. "मीच शिकवलं." त्यांनी कॉक परत आपल्याकडं ओढला. "तर मग खोटारडा मला म्हना. चोर म्हनायचं तर मला म्हना. नासिरला म्हनू नका. दर बाजाराला मी हितं येतो, हा कॉक हितंच ठिवतो. कंदी ना कंदी तुमाला पटंल."

श्रीमंतनं चहा पुढं केला. तो अप्पांनी न हुंगता प्यायला. कॉक त्यांनी हॉटेलाच्या फळीवर, बिस्किटांच्या बरणीशेजारी, रेघा समोर येतील असा ठेवला.

गाडीत बसून त्यांनी नासिरभाईंना फोन लावला. "सांगितलं," ते म्हणाले. "समद्यांना सांगितलं. त्यांचा इश्वास बसला न्हाई. मीच आत्ता रेघा वढल्या म्हंत्यात."

पलीकडं पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आता कळलं का अप्पा?" नासिरभाईंनी विचारलं.

"कळलं."

"हां." मागून बाईमाणसाचा आवाज आला, नासिरभाई तिला काहीतरी म्हणाले, आणि मग फोनवर परत आले. "भाभींना फोन द्या. दिलशाद कवाची हात पुढं करून उभी हाय."

उमादेवींनी फोन दोन्ही हातांनी धरला. आधी त्या नुसत्याच रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "हाव, धपाटे तिखट झालेत, मला म्हाईत हाय. घाईत केले गं... पाय बरा हाय. येळवसला ये. आंबीलीचं मडकं मी काढून ठिवते... हाव. हाव, त्यांना बी घेऊन ये."

मग त्या आवाज खाली आणून बोलू लागल्या आणि मधेच हसल्या. अप्पा गाडी चालू करून स्टिअरिंग धरून बसले. दोघी आपल्याबद्दलच बोलत असणार असा त्यांना दाट संशय आला. तो त्यांनी तसाच राहू दिला, आणि गाडी देवणीच्या रस्त्याला लावली.